रंगाऱ्याच्या हंड्यातून पाण्याच्या बाटलीत



केसांना लावायचा आवळा लोखंडी कढईत भिजवला की रात्रीतून काळा होतो. आवळ्यात, हिरड्यात तुरट द्रव्य असतं. ते लोखंडाला भेटलं की काळं पडतं. म्हणजे काळा रंग दिसला की तिथं लोखंड आहे, असं ओळखता येतं. रोमच्या प्लिनी नावाच्या लेखकानं पहिल्या शतकात हीच युक्ती लिहून ठेवली. जंगाल म्हणजे तांब्यापासून होणारा हिरवा रंग. त्यात लोखंडाच्या क्षाराची भेसळ आहे का, हे बघायला मायफळाच्या पाण्यात भिजवलेला कागद वापरत. कागद काळा पडला की चोरी उघडी!

आपल्या खानदेशात ही विद्या रंगाऱ्यांच्या हाती होती. इंग्रजी अमलातलं गॅझेटियर सांगतं, की फैजपूर गडद निळ्या आणि लाल रंगासाठी नावाजलेलं होतं, रंगाऱ्यांची सुमारे अडीचशे घरं होती. त्या काळी देशात लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळीतून काढत. पण नुसत्या मुळीनं कापड पक्कं रंगत नाही. आधी तुरटी लावायची. तुरटीतल्या ॲल्युमिनियमला मुळीचा रंग धरून बसतो आणि लाल होतो. तुरटीऐवजी लोखंडाचं पाणी लावलं, तर तीच मुळी काळपट रंग देते. मुळी एक, धातू बदलला की रंग बदलला.

1868 साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी आलीच्याच जातकुळीतला लाल रंग, अलिझरीन, प्रयोगशाळेत बनवला. कारखान्याचा रंग स्वस्त पडला आणि आलीची शेती मोडली.

पण रंग संपले नाहीत, त्यांचं काम बदललं. अलिझरीन झिर्कोनियम या धातूला धरून लाल होतं. पाण्यात फ्लोराइड असेल तर ते तो धातू हिसकावून घेतं, आणि लाल रंग पिवळसर होतो. लोकर रंगवायचा एक काळा रंग असाच उपयोगी पडला. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला भेटला की तो द्राक्षासारखा लाल दिसतो. मग दुसरं औषध थेंबाथेंबानं टाकायचं. निळा रंग यायला जितके थेंब जास्त, तितकं पाणी जड. ही रीत स्वित्झर्लंडच्या श्वार्त्सेनबाख यांनी 1940 च्या दशकात बसवली.

आता ही विद्या आपल्या ओसरीवर आली आहे. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवतात. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, हे आपल्याला आधीच कळत होतं. आता ते आकड्यात सांगता येतं. जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर दात आणि हाडं बिघडतात. आणि ते पाणी उकळून जात नाही.

किटचा रंग हा इशारा आहे, पक्का निकाल प्रयोगशाळेचा. म्हणून रंग बदलला की तारीख, विहीर किंवा बोअर आणि आकडा वहीत लिहा, ग्रामपंचायतीत द्या, नमुना प्रयोगशाळेत पाठवायला लावा.

गॅझेटियरनं रंगाऱ्यांची घरं मोजली. त्या घरात मुळ्या कुटणाऱ्या, कापड धुणाऱ्या बायांची नावं कुणी लिहिली नाहीत. आपल्या वहीत तपासणारीचं नाव पहिल्या ओळीत असू द्या.