बॉटच्या आखाड्याची कुळकथा

ऑगस्ट 1961. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये व्हिक्टर व्हिसोत्स्की, रॉबर्ट मॉरिस आणि डग्लस मॅकइलरॉय या तिघांनी आयबीएम 7090 संगणकाच्या मेमरीतच कुस्तीचा फड मांडला. खेळाचं नाव ‘डार्विन’. समोरच्याचे प्रोग्राम हुडकून मारायचे आणि स्वतःच्या प्रती वाढवायच्या. डाव आधीच लिहून द्यायचे. एकदा झुंज लागली की माणसाने हात लावायचा नाही. विद्यार्थ्यांच्या आजच्या बॉट-स्पर्धा याच नियमावर उभ्या आहेत.

‘डार्विन’ काही आठवड्यांतच आटोपला, कारण मॉरिसचा 44 आज्ञांचा प्रोग्राम कुणालाच हरवता येईना. शत्रूच्या प्रोग्रामची सुरुवात सापडली की तो किंचित पुढे चाचपायचा. वार लागला, तर ते अंतर लक्षात ठेवायचा. संरक्षित जागा लागली, तर पुढच्या खेपेला अंतर बदलायचा. जमलेलं अंतर नव्या प्रतींनाही मिळायचं.

1980 च्या सुमारास मिशिगन विद्यापीठाच्या रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी ‘कैद्यांचा पेच’ या खेळाची संगणकी स्पर्धा घेतली. त्यात दोघांनी दर खेळीत सहकार्य करायचं की दगा द्यायचा, हे ठरवायचं. अनातोल रॅपोपोर्ट यांचा ‘टिट फॉर टॅट’ आलेल्या प्रोग्राममध्ये सर्वांत साधा. पहिली खेळी सहकार्याची, पुढे समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच. तो जिंकला. दुसऱ्या फेरीत 62 प्रवेशिका आल्या, तरीही तोच जिंकला.

मे 1984 मध्ये कॅनडातले प्राध्यापक ए. के. ड्यूडनी यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून ‘कोअर वॉर’ हा मेमरीतल्या प्रोग्रामच्या झुंजीचा खेळ घरोघरच्या संगणकांपर्यंत नेला. तो त्यांनी डेव्हिड जोन्स या विद्यार्थ्याबरोबर रचला होता. त्यातला ‘इम्प’ म्हणजे एकच आज्ञा: ‘मूव्ह 0, 1’. ती स्वतःची नक्कल पुढच्या घरात ठेवते. मग पाळी त्या नकलेची. असा इम्प मेमरीभर सरकत राहतो.

एमआयटीची ‘बॅटलकोड’ ही बॉट-स्पर्धा दर जानेवारीत रंगते. विद्यार्थ्यांचे संघ अख्ख्या रोबो-सेनेचा मेंदू लिहितात. प्रत्येक रोबोला एका पाळीत ठरावीकच आज्ञा चालवता येतात. मर्यादा ओलांडली, तर त्याचा विचार अर्धवट थांबतो आणि पुढच्या पाळीत तिथूनच सुरू होतो. साहजिकच मोजक्या आज्ञांत नेमकं ठरवणाऱ्या बॉटचं पारडं जड राहतं.

आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी या आखाड्यात जरूर उतरावं. ‘कोअर वॉर’चे सिम्युलेटर फुकट मिळतात. आधी एका ओळीचा इम्प चालवून पाहा, मग त्याला अडवणारा प्रोग्राम लिहा.