बारगाह की राहुटी? तंबूचे मोल ठरवण्याचा जुना हिशेब

१/
मोटारीच्या टपावर दुमडून बसणारा आणि मुक्कामी शिडीसह उघडणारा तंबू आज भटक्यांच्या चर्चेत आहे. स्वस्तातला घ्यावा की महागातला, हा त्या चर्चेतला कळीचा प्रश्न. सतराव्या शतकातील दख्खनेत हाच प्रश्न हत्ती, उंट आणि घोड्यांच्या पाठीवर स्वार होता. त्याच्या उत्तरावर मोहिमांची गती आणि सैन्याचे प्राण अवलंबून होते. हा धागा त्या हिशेबाचा.

२/
आरंभ अकबराच्या छावणीपासून. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली. तीत तंबूंचा कारखाना, म्हणजे फर्राशखाना, हा राज्यकारभाराचा स्वतंत्र विभाग म्हणून येतो. तंबूचे प्रकार, त्यांचे खांब, त्यांचे कापड, ते उभारणारी माणसे आणि वाहणारी जनावरे यांची त्यात काटेकोर नोंद आहे. तंबूची गुणवत्ता लेखी मोजण्याचा हा हिंदुस्थानातील एक अतिशय तपशीलवार प्रयत्न.

३/
या नोंदीतील सर्वांत भव्य वास्तू म्हणजे ‘बारगाह’. मोठ्या बारगाहीत दहा हजारांहून अधिक माणसे मावत, असे अबुल फजल सांगतो. ती उभारण्यास एक हजार फर्राशांना यंत्रांच्या साहाय्याने एक आठवडा लागे. जरीकाम, मखमल किंवा सोन्याची सजावट नसलेली साधी बारगाहदेखील १०,००० रुपयांच्या पुढे जाई.

४/
ही रक्कम समजून घेण्यासाठी त्याच ग्रंथातील मजुरीचे दर उपयोगी पडतात. बांबू तासणाऱ्या कारागिराची रोजची मजुरी २ दाम. ४० दामांचा एक रुपया. म्हणजे एक रुपया मिळवण्यास त्याला २० दिवस राबावे लागे. एका साध्या बारगाहीची किंमत अशा कारागिराच्या दोन लाख दिवसांच्या मजुरीएवढी होते. वर्षांत मांडल्यास सुमारे साडेपाचशे वर्षे.

५/
खरेदीची किंमत मात्र खर्चाचा पहिलाच आकडा होता. बादशाही मुक्कामाचा एक सरंजाम हलवण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत. सोबत १,००० फर्राश, ५०० बेलदार, १०० पखाली, ५० सुतार, शिवाय तंबू शिवणारे, मशालजी, ३० चर्मकार आणि १५० झाडूवाले. तंबू एकदाच विकत घेतला जाई, त्याचे ओझे मात्र रोज वाहावे लागे.

६/
तरीही या तंबूंना निव्वळ उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांत कल्पकता होती. ‘गुलालबार’ हे बादशाही निवासाभोवतीचे लाकडी कुंपण. त्याचे भाग चामड्याच्या पट्ट्यांनी जोडलेले असत आणि छावणी उठताच ते घडी करून ठेवता येई. भोवतालचा पडदा पूर्वी जाड्याभरड्या कापडाचा असे. अकबराने तो सतरंजीसारख्या विणीचा करवून घेतला, त्यामुळे तो दिसण्यास आणि वापरण्यासही सरस ठरला, असे अबुल फजल नोंदवतो.

७/
याच यादीत ‘दोआशियाना मंझिल’ नावाचा दुमजली निवास आहे. अठरा खांब, प्रत्येकी सहा गज उंच, त्यांवर लाकडी तक्तपोशी आणि तिच्यावर दुसरा मजला. प्रवासात बादशहाचे शयन आणि सूर्योपासना येथे होई. जमिनीपासून उंचावर निजण्याची सोय ही आजच्या टपावरील तंबूची मुख्य ओढ. चारशे वर्षांपूर्वी ती एका बादशहाच्या आवाक्यातली गोष्ट होती.

८/
‘आईन’मध्ये दहा खांबांवर उभ्या राहणाऱ्या ‘चोबीन रावटी’चाही उल्लेख आहे. चोबीन म्हणजे लाकडी. रावटी हा शब्द मराठीतही नांदला आणि त्याचे ‘राहुटी’ हे रूप अधिक रुळले. बादशाही यादीतील रावटी प्रशस्त होती. मराठी बोलीतील राहुटी म्हणजे लहान, साधा, चटकन उभारता येणारा तंबू. शब्द तोच, पण त्यामागची अपेक्षा बदललेली.

९/
या व्यवस्थेचे पुढचे रूप फ्रेंच वैद्य फ्रांस्वा बर्नियेच्या लेखनात दिसते. डिसेंबर १६६४ मध्ये औरंगजेब दिल्लीहून काश्मीरकडे निघाला, तेव्हा बर्निये त्या लवाजम्यात होता. बादशहासाठी तंबूंचे दोन पूर्ण संच असत. एका संचात मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या ठिकाणी पोहोचून उभा राही. पुढे जाणाऱ्या संचाला ‘पेशखाना’ म्हणत. त्यासाठी साठांहून अधिक हत्ती, २०० उंट, १०० खेचरे आणि १०० हमाल लागत, असे तो लिहितो.

१०/
उभारणीस लागणारा वेळ वाचवण्याचा हा उपाय होता. तंबू लवकर उभा राहत नसेल, तर दोन तंबू बाळगावेत. बाहेरून तांबडे कापड आणि आतून मछलीपट्टणचे फुलांचे छीट अशी त्यांची शोभा होती. वेगाची उणीव पैशाने भरून काढता येते, हा त्यामागचा विश्वास. खजिना भरलेला आणि वाट मोकळी असेतोवर तो खोटा ठरत नाही.

११/
बर्नियेने स्वतःसाठी केलेली तयारीही बोलकी आहे. मध्यम आकाराचा तंबू, एक सतरंजी, चार मजबूत पण हलक्या वेतकाठ्यांचा वाहता येणारा पलंग, उशी आणि पांघरुणे. पगारी माणसाची ही निवड आहे. मजबूत आणि हलके, ही दोन विशेषणे त्याने एकत्र वापरली. प्रवासी सामानाच्या पारखीत आजही याच दोन गुणांची सांगड घालणे सर्वांत अवघड जाते.

१२/
आता दक्षिणेकडे. १६७७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर होते. पुदुच्चेरीच्या फ्रेंच वखारीचा प्रमुख फ्रांस्वा मार्टिन याने जर्मेन नावाचा वकील त्यांच्या छावणीत पाठवला. त्याने पाहिलेले वर्णन मार्टिनच्या स्मृतिलेखनात उतरले आहे. छावणीत डामडौल नव्हता, बायका नव्हत्या, अवजड सामान नव्हते. तंबू फक्त दोन, तेही साध्या जाड्याभरड्या कापडाचे आणि अगदी लहान. एक महाराजांचा आणि दुसरा प्रधानाचा.

१३/
या नोंदीचे वजन तिच्या तारखेत आहे. तीनच वर्षांपूर्वी, १६७४ मध्ये, रायगडावर राज्याभिषेक झाला होता. सिंहासन, छत्र आणि अभिषेकाच्या थाटात कोणतीही काटकसर झाली नव्हती. त्यामुळे १६७७ चा भरडा तंबू दारिद्र्याची खूण ठरत नाही. राजधानीत वैभव आणि मोहिमेत हलके सामान, असा तो विचारपूर्वक केलेला भेद होता.

१४/
मार्टिन आणखी एक तपशील देतो. दोन स्वारांमागे साधारण तीन घोडे असत आणि त्यामुळे सैन्याला वेग मिळे. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की हिशेब उलगडतो. तंबूवर वाचवलेले ओझे जनावरांच्या पाठीवरून उतरले आणि उरलेली ताकद चालीच्या कामी आली. सभासदाच्या बखरीतही लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी नसाव्यात असा दंडक आढळतो. छावणीची घडण आणि छावणीचे नियम एकाच धोरणातून आले होते.

१५/
भरड्या कापडाचा एक गुण सहज नजरेतून निसटतो. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतली छिद्रे आकसतात, म्हणून घट्ट विणीचे जाड कापड बराच पाऊस झेलते. फाटले तर तसेच कापड गावोगावच्या मागावर मिळे. काठी आणि दोरही वाटेत सापडत. मछलीपट्टणचे छीट किंवा जरीचा पडदा सह्याद्रीच्या घाटात कोण बदलून देणार? दुरुस्तीची सोय हा वस्तूच्या किमतीत न दिसणारा भाग असतो.

१६/
औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेकडे आला आणि १७०७ मध्ये येथेच मरण पावला. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे त्याने बहुतांशी छावण्यांत काढली. त्याची वैयक्तिक राहणी साधी होती, पण छावणी ही चालती राजधानी होती. दफ्तरे, खजिना, न्यायकचेरी, बाजार, सरदारांचे कुटुंबकबिले असे सारे तीत सामावलेले. १६९५ मध्ये गलगल्याची छावणी पाहणारा इटालियन प्रवासी जेमेली कारेरी तिचा घेर तीस मैल सांगतो.

१७/
अशा छावणीचे दुबळेपण मराठ्यांनी ओळखले होते. १६८९ मध्ये, संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण यांनी बादशाही गोटात शिरून तंबूचे तणावे तोडले आणि सोन्याचे कळस उतरवून नेले, अशी कथा बखरींच्या परंपरेत सांगितली जाते. तिचे सर्व तपशील तपासून घ्यावे लागतील. मात्र ती ज्या मर्मावर बोट ठेवते ते खरे आहे: सोन्याचा कळस दुरून दिसतो, मित्राला आणि शत्रूलाही.

१८/
नंतरचे घाव निसर्गाने घातले. ऑक्टोबर १७०० मध्ये माणनदीकाठी खवासपूरच्या छावणीत मध्यरात्री पुराचे पाणी घुसले. माणसे, जनावरे आणि तंबू वाहून गेले. धांदलीत बादशहाचा गुडघा निखळला आणि तो अखेरपर्यंत लंगडत राहिला. तंबू कितीही मौल्यवान असला, तरी नदीच्या पात्रालगत ठोकलेली मेख त्याला वाचवत नाही.

१९/
१७०२ चा जून. खेळणा, म्हणजे विशाळगड, पैसे मोजून मोगलांच्या हाती आला आणि परतीची वाट सुरू झाली. भर पावसात, घाटातून, चिखलातून. पन्हाळ्यापर्यंतचे सुमारे ३० मैल अंतर कापण्यास ३८ दिवस लागले. ओझ्याची जनावरे मेली, सामान वाटेत टाकावे लागले. भिजलेल्या कापडाचे वजन वाढते आणि घसरणीच्या वाटेवर हत्तीचेही काही चालत नाही. दिल्ली-आग्र्याच्या मैदानात चोख ठरलेला सरंजाम येथे पायातली बेडी झाला.

२०/
म्हणून बारगाह वाईट आणि राहुटी चांगली, असा सरसकट निकाल देता येत नाही. मैदानी मुलखात, शांततेच्या काळात, प्रजेला आणि सरदारांना सत्तेचे दर्शन घडवणे हे बारगाहीचे काम होते आणि ते तिने उत्तम केले. चूक तंबूत नव्हती. भूमी, हवामान आणि शत्रू बदलल्यावरही तोच तंबू घेऊन चालण्यात ती होती.

२१/
हा धडा मराठेही पुढे विसरले. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली उत्तरेकडे निघालेल्या सैन्याचे वर्णन ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात केले आहे. उंच, प्रशस्त डेरे, त्यांना रेशमाचे आणि बनातीचे अस्तर, वर दुरून चमकणारे सोनेरी कळस. पानिपतच्या पराभवाला रसदतुटीपासून राजकारणापर्यंत अनेक कारणे होती आणि केवळ डेऱ्यांवर दोष टाकणे भाबडेपणाचे होईल. तरी १६७७ चे दोन लहान तंबू आणि १७६० चे हे डेरे यांतील अंतर एका राज्याच्या प्रवासाचे अंतर आहे.

२२/
येथे इतिहासाच्या अभ्यासकांसाठी एक सावधगिरीची सूचना. टिपू सुलतानाचा छिटाचा तंबू आज वेल्समधील पोविस किल्ल्यात आहे. जोधपूरच्या मेहरानगडावर मोगलकालीन मखमली ‘लाल डेरा’ जपलेला आहे. शिपायाची राहुटी कोणत्या संग्रहालयात आहे? ती वापरून, शिवून, पुन्हा वापरून झिजली आणि अखेर चिंधी झाली. जे टिकले तेच उत्तम होते, हा समज म्हणून फसवा. अनेकदा जे कमी वापरले गेले तेच टिकते.

२३/
या साऱ्या नोंदींतून तंबूच्या पारखीच्या चार कसोट्या हाती लागतात. वाहणाऱ्याला पेलेल असे वजन. उभारण्यास आणि उठवण्यास लागणारा वेळ. वाटेत दुरुस्त होण्याची सोय. आणि ज्या भूमीत, ज्या ऋतूत तो उभा राहणार तिच्याशी मेळ. किंमत ही पाचवी गोष्ट. पहिल्या चारांची उत्तरे मिळाल्याखेरीज तिला अर्थ नाही.

२४/
आजच्या टपावरील तंबूलाही याच कसोट्या लागू पडतात. हत्तीच्या जागी मोटारीचे छत आले. चालत्या गाडीच्या छताची भारमर्यादा अनेक लहान मोटारींत साधारण ५० ते ७५ किलोंच्या दरम्यान असते, आणि पुष्कळ तंबूंचे वजन तेवढेच भरते. स्वस्त तंबूची शिवण, चेन, बिजागऱ्या आणि कापडावरील लेप पहिल्या पावसाळ्यात बोलू लागतात. महाग तंबू छताला पेलला नाही, तर त्याची बारगाहच होते.

२५/
दहा हजार रुपयांची बारगाह आणि भरड्या कापडाचा लहान तंबू, दोन्हींखाली राजेच निजले. एकाच्या मुक्कामाला पोहोचण्यासाठी हजारो माणसे आणि जनावरे आधी रवाना होत. दुसऱ्याचा मुक्काम पहाटेपूर्वी उठून गेलेला असे आणि मागे उरत चार मेखांची भोके.

(धागा समाप्त)