संगणकाच्या पेटीतला वारा

वैशाखातील दुपार आहे. शाळेत निकालपत्रके भरण्याचे काम चालू आहे, आणि एकाएकी समोरचा संगणक बंद पडतो. वीज आहे, तारा घट्ट आहेत. गुरुजी दहा मिनिटे थांबून बटण दाबतात; यंत्र सुरू होते आणि अर्ध्या तासाने पुन्हा मान टाकते. मग कोणीतरी म्हणते, "जुना झाला, टाकून द्या." पण थांबा! पुष्कळदा दोष यंत्राच्या बुद्धीत नसतो, त्याच्या श्वासात असतो. आज त्या श्वासाचाच इतिहास पाहू.

संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे 'एनिअ‍ॅक' हे यंत्र जगापुढे आले. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. एवढी धग हटवायला मोठमोठे पंखे लावावे लागले. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली पुरा केलेला 'टिफ्रॅक'ही नळ्यांचाच होता. त्यात सुमारे २,७०० नळ्या होत्या. त्या काळी संगणक खोलीभर असे, म्हणून वाऱ्याचा विचार खोलीपुरता करून भागे.

पुढे नळ्या गेल्या, चिप आल्या, आणि खोलीतला संगणक टेबलावरच्या पेटीत मावला. खरी अडचण येथून सुरू झाली. १९८० साली अ‍ॅपल कंपनीने 'अ‍ॅपल थ्री' हा संगणक काढला. पंख्याचा आवाज नको, हा स्टीव्ह जॉब्स यांचा आग्रह होता. म्हणून पंखाच बसवला नाही. अ‍ॅल्युमिनियमचा जड ओतीव सांगाडा उष्णता बाहेर नेईल, असा हिशोब केला. पण चिप आपल्या खाचांतून सैल होऊ लागल्या आणि यंत्रे बंद पडू लागली. कारणे एकाहून अधिक होती, तरी मोठा ठपका उष्णतेवर आला. गंमत अशी, की यंत्र दोन-तीन इंच उचलून खाली सोडा, म्हणजे चिप पुन्हा जागी बसतील, असा सल्ला तेव्हा दिला गेला!

१९८१ साली आयबीएमचा 'पीसी' आला. त्याच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातच पंखा होता. तो पेटीतली गरम हवा मागून बाहेर टाकी. मुख्य चिपला वेगळा पंखा लागत नसे. पुढे १९९५ साली इंटेलने पेटीच्या रचनेचा 'एटीएक्स' हा नमुना प्रसिद्ध केला. त्यात आरंभी एक युक्ती होती: तोच पंखा उलटा फिरवून बाहेरची हवा थेट मुख्य चिपवर सोडावी, म्हणजे एका पंख्यात दोन कामे. पण ती हवा आधी वीजपुरवठ्याच्या डब्यातून तापून येई. गरम वाऱ्याने कोणाला गारवा मिळणार? पुढे पंखा पुन्हा बाहेर तोंड करून बसवला गेला.

२००४ च्या सुमारास एकटी मुख्य चिपच शंभर वॅटच्या पुढे उष्णता टाकू लागली. त्या वर्षी इंटेलने 'बीटीएक्स' नमुना आणला. त्यात चिप पुढे आणून वारा सरळ रेषेत खेळवला होता. पण कारखाने जुन्या नमुन्याला धरून राहिले, आणि २००६ साली कमी तापणाऱ्या चिप आल्यावर बीटीएक्सची गरजच सरली. कल्पना मात्र खरी होती: पंखे किती, यापेक्षा वाट कशी, हे महत्त्वाचे.

कौलारू घरात चूल पेटली की धूर वर चढतो. त्याला वर वाट हवी आणि खाली दारातून ताजी हवा हवी. दोन्हींपैकी एक बंद केले तर घर धुराने भरते. संगणकाच्या पेटीचा न्याय तोच. वारा पुढून खालून आत यावा, तापलेल्या भागांवरून जावा आणि मागून वर बाहेर पडावा. ३०० वॅटची उष्णता हवेचे तापमान केवळ १० अंशांनी वाढू देऊन बाहेर न्यायची, तर दर सेकंदाला सुमारे २५ लिटर हवा वाहिली पाहिजे. ही वाट धुळीने बुजली, की चिप आधी स्वतःचा वेग कमी करते. तरीही तापमान चढले, तर जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होते. गुरुजींच्या टेबलावर घडले ते हेच.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, ज्या पेटीला आपण सरसकट 'सीपीयू' म्हणतो, ती बंद कपाटात कोंडू नका. भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, आणि यंत्र चालू असताना तिच्यावर कापड टाकू नका. महिन्या-दोन महिन्यांनी वीज काढून, पाती बोटाने धरून, मऊ कुंचल्याने जाळी व पंखे झाडा. एक बाजू कायमची उघडी टाकण्याचा मोहही नको. त्याने वाऱ्याची आखलेली वाट मोडू शकते आणि धूळ तर हमखास शिरते.

एवढे करूनही यंत्र थांबले, तर खुशाल कारागिराला बोलवा. पण आधी पेटीला श्वास घेऊ द्या. भंगारात निघालेला संगणक कदाचित आणखी चार इयत्तांना शिकवील.