फादर, पास्टर की रेव्हरंड? ख्रिस्ती धर्मगुरूंना काय म्हणायचं?

हाफिज, मौलाना, मुफ्ती आणि काझी हे चार वेगळे शब्द आहेत. दाढी दिसली की सरसकट ‘मौलवी’ म्हणणारे भेटले की आपल्याला खटकतं. पण आपणही ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या प्रत्येक धर्मगुरूला ‘पाद्री’ म्हणून मोकळे होतो. मुलांच्या शाळेत, शेजारच्या लग्नात किंवा मयतीला गेल्यावर उपयोगी पडावी म्हणून ही माहिती देत आहोत.

पाद्री : मूळ शब्द पोर्तुगीज, अर्थ ‘वडील’. बोलण्यात चालतो, पण समोरच्याला हाक मारताना तो वापरू नये.

फादर : रोमन कॅथलिक धर्मगुरू. आपल्याकडे हे लग्न करत नाहीत. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे असेच धर्मगुरू. त्यांच्या वर बिशप आणि आर्चबिशप, सर्वोच्च स्थानी पोप. पोपची निवड कार्डिनल करतात.

सिस्टर, मदर, ब्रदर : हे व्रतस्थ असतात, पण धर्मगुरू नव्हेत. कॅथलिकांमध्ये स्त्रिया धर्मगुरू होत नाहीत. दवाखान्यात नर्सला आपण सिस्टर म्हणतो, ते वेगळं.

रेव्हरंड : प्रोटेस्टंट धर्मगुरूंच्या नावाआधी बहुधा हे लिहितात. त्यांना लग्नाची मुभा असते. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक संसारी होते. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी. १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात धर्मगुरूला प्रेसबिटर म्हणतात, त्यांच्या वर बिशप. इथे स्त्रियाही धर्मगुरू होतात. चर्च ऑफ साउथ इंडियात तर २०१३ मध्ये पहिल्या महिला बिशप झाल्या.

पास्टर : अर्थ ‘मेंढपाळ’. बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळींमध्ये हा शब्द जास्त चालतो. बाप्टिस्ट मंडळी आपला पास्टर स्वतःच निवडते.

अच्चन : केरळच्या सिरियन ख्रिश्चनांचे धर्मगुरू. मल्याळममध्येही अर्थ ‘वडील’च. ऑर्थोडॉक्स अच्चन विवाहित असू शकतात, बिशप मात्र अविवाहित असतात. बिशपना आदराने ‘तिरुमेनी’ म्हणतात.

कॅप्टन, मेजर : हे सैन्यातले नव्हेत, मुक्तिफौजेचे म्हणजे सॅल्व्हेशन आर्मीचे सेवक.

कुरआन शरीफमध्येही सूरह माइदाच्या ८२ व्या आयतीत ख्रिस्ती लोकांमधले ‘किस्सीसीन’ म्हणजे धर्मगुरू आणि ‘रुहबान’ म्हणजे संन्यासी यांचा वेगवेगळा उल्लेख आहे, आणि तोही चांगल्या शब्दांत. मग आपणही फरक ओळखायला हवा. नाहीच कळलं, तर अदबीने विचारावं : “आपल्याला काय म्हणू?” त्यात कमीपणा नाही.