दगडांची पदवी



१९८८ ला आपली दहावी झाली. पुढे मी बी.एस्सी.ला भूशास्त्र घेतले, तेव्हा घरी, गल्लीत आणि आपल्या वर्गातही एकच प्रश्न विचारला गेला: "दगडात काय शिकायचं असतं?" भूगोलाच्या तासाला दख्खनचे पठार, अग्निजन्य खडक आणि रेगूर मृदा आपण सर्वांनीच पाठ केली होती. एवढ्यावर तीन वर्षे काय करणार, अशी शंका रास्तच होती. त्या प्रश्नाचे उत्तर मला या विषयाच्या इतिहासात सापडले. ते आज स्मरणिकेच्या निमित्ताने मांडतो.

आपल्याकडे भूशास्त्र आले ते राज्यकर्त्यांच्या गरजेतून. १८३० च्या दशकात कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या भूरचनेवर लिहिले. १८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखाली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू झाले. त्यामागचा मुख्य हेतू कोळसा शोधणे हा होता. पायऱ्यापायऱ्यांच्या आपल्या डोंगरांना 'ट्रॅप' हे नाव मिळाले तेही परक्या भाषेतून, पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. जमीन आपली होती, पण तिचे वाचन करणारे सगळे बाहेरचे होते.

या खात्यात अधिकारी म्हणून शिरलेले पहिले भारतीय प्रमथनाथ बोस. लंडनला शिकून ते १८८० मध्ये रुजू झाले. दोन तपे काम केल्यावर, १९०३ मध्ये, त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या हॉलंड यांना प्रमुख केले गेले. बोस राजीनामा देऊन बाहेर पडले आणि मयूरभंज संस्थानात त्यांनी गोरुमहिसानी येथील लोहखनिज शोधले. १९०४ मध्ये त्याविषयीचे पत्र त्यांनी जमशेटजी टाटांना पाठवले. १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली, तिच्या पायाशी हे पत्र आहे.

बोस यांना शिकायला विलायतेला जावे लागले. ते शिक्षण इथेच मिळायला हवे, ही खरी निकड होती. १८९२ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भूशास्त्राचे अध्यापन सुरू झाले. सुरतेत जन्मलेले, बडोद्यात शिकलेले दा. नो. वाडिया १९०७ पासून जम्मूच्या महाविद्यालयात शिकवू लागले. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारताच्या भूशास्त्रावरील ग्रंथावर पुढे विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या. आमच्या वेळीही त्याची जीर्ण प्रत ग्रंथालयात रांग लावूनच मिळत असे.

पदवीला आम्ही काय शिकलो? हातोडी, भिंग आणि होकायंत्र-क्लिनोमीटर हा आमचा संसार. खनिजाचा कठीणपणा एक ते दहाच्या मापात ओळखायचा. त्यात नखाचे स्थान अडीचच्या आसपास, चाकूच्या पात्याचे साडेपाचच्या. खडकाचा काप घासून ०.०३ मिलिमीटर इतका पातळ केला की काळाकभिन्न बसाल्टसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली रंगीत दिसतो. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग या एकाच खडकाने झाकलेला आहे, म्हणून वेगळे खडक पाहायला सहली राज्याबाहेर जात.

पण हा खडक वरून दिसतो तितका एकसारखा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, तर वरचा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. आपले विहीर खोदणारे यालाच काळा पाषाण आणि मांजऱ्या म्हणत आले आहेत. पाणी मिळते ते मुख्यतः कुजलेल्या थरात आणि भेगांत. म्हणूनच एका बांधावर विहीर भरते आणि शेजारच्या शेतातली बोअर कोरडी जाते. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली, आणि पाणाड्याच्या जोडीला शिकलेला भूवैज्ञानिकही गावाच्या शिवारात दिसू लागला.

त्याआधी ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरली होती. सुमारे १८० माणसे गेली. दख्खनचे पठार स्थिर आहे, या समजाला तो पहिला मोठा तडा. धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध जगभर अभ्यासला जाऊ लागला, त्यात कोयनेचे नाव अग्रभागी आहे. मी पदवी घेतली त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून झोपलेली किल्लारी आणि आजूबाजूची गावे जमीनदोस्त झाली. जवळ कोयनेएवढे मोठे धरण नाही, पूर्वीच्या मोठ्या भूकंपाची आठवण नाही, तरी हजारो माणसे गेली. नंतर तिथे खोल छिद्र घेतले तेव्हा ३३८ मीटरवर बसाल्ट संपला आणि खाली अतिप्राचीन खडक लागला. पाठ्यपुस्तकात एका वाक्यात संपणाऱ्या पठाराच्या पोटात काय चालले आहे, हे शोधणे किती गरजेचे आहे ते त्या पहाटेनंतर मला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

भूशास्त्र घेऊन लगेच नोकरी लागते असे मी म्हणणार नाही. सर्वेक्षणाच्या परीक्षेसाठी पदव्युत्तर शिक्षण लागते, आणि उन्हातान्हातली पायपीट असते. पण धरण, बोगदा, विहीर, दरडीखालचे गाव, यांतल्या कशाचाही निर्णय जमीन वाचल्याशिवाय घेतला तर त्याची किंमत तिथे राहणारे मोजतात. आपल्या जमिनीचे वाचन आपल्या माणसांनी करावे, यासाठी बोस-वाडियांच्या पिढीने वाट पाडली. त्या वाटेवर मुले कमी होत गेली तर तोटा विषयाचा नाही, आपलाच आहे.

म्हणून एक छोटीशी भेट. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी तीस नमुन्यांची लाकडी पेटी देत आहे. त्यात काळा पाषाण आहे, मांजऱ्या आहे, गारगोट्या आहेत, कोकणातला जांभा आहे आणि चंद्रपूरचा कोळसाही. गुरुजनांना विनंती एवढीच, की पेटी कपाटात कुलूपबंद ठेवू नये. दगड मुलांच्या हातात द्यावेत. दोन-चार फुटले तरी हरकत नाही. आतला खडक पाहायला आम्हीही ते फोडतच असतो.