कोपऱ्याची सांधणी : वऱ्हाडातील भिंती आणि त्यांचे लेपन

वऱ्हाडातील गावाची जुनी मांडणी ‘काळी’ आणि ‘पांढरी’ या दोन शब्दांत सामावलेली होती. काळी म्हणजे कसणुकीची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. हा भेद महसुली दप्तरापुरता नव्हता, घरबांधणीचे व्यवहारज्ञानही त्यातच होते. अमरावती-अकोल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून खोल भेगाळते, त्यामुळे कापसाला मानवणारी हीच माती भिंतीला मात्र चालत नाही. घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या असत, आणि गावोगावच्या गढ्या, म्हणजे देशमुख-पाटलांचे उंचवट्यावरचे तटबंदीचे वाडे, त्याही बहुधा त्याच मातीच्या.

अशी भिंत थरावर थर देत चढवली जाते आणि खालचा थर सुकल्याशिवाय वरचा घालता येत नाही. दोन भिंती जिथे मिळतात तिथे त्यांचे थर एकमेकांत गुंतवले नाहीत, तर पहिली चीर तेथेच पडते. आतून शेण-मातीने सारवताना हात काटकोनात वळत नाही, पोतेरे, म्हणजे लेप ओढण्याचे ओले फडके, तर त्याहून कमी वळते. म्हणून प्रत्येक सारवणासरशी कोपरा भरत आणि गोलावत जाई. या गोलाईत ओबडधोबडपणा पाहणे अन्यायाचे आहे, कारण जिथे तडा जाण्याचा संभव सर्वाधिक तिथेच लेपाची जाडी वाढत होती आणि पुढच्या सणाला ती पुन्हा लिंपता येत होती. ही दुरुस्ती घरातल्या बायकांच्या हातची, त्यामुळे कारागिरीच्या इतिहासात तिची नोंद क्वचितच होते.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात याखेरीज आणखी एक अडचण होती. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात जमीन व भूजल दोन्ही खारट आहेत. ओलीबरोबर हा क्षार भिंतीत चढतो, पृष्ठभागावर येऊन पाणी उडाले की पांढऱ्या भुकटीच्या रूपाने फुलतो आणि चुन्याचा पोपडा सुटतो. यालाच लोणा लागणे म्हणतात.

1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला, 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले आणि 1867 मध्ये नागपूरला पोचलेला मुंबईचा लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून गेला. या पैशातून उभ्या राहिलेल्या विटा-चुन्याच्या इमारतींत कोपऱ्याला धार आली. ती ओळंब्याने, म्हणजे दोरीला टांगलेल्या वजनाने, आणि गुण्याने, म्हणजे काटकोन तपासण्याच्या साधनाने, ठरू लागली.

भिंतीवर कागद चढवण्याची पद्धत इंग्लंडात तोवर रुळलेली होती. तेथे 1712 मध्ये बसवलेला या कागदावरील कर 1836 मध्ये उठला. वऱ्हाडाच्या हवेला मात्र ती मानवणारी नव्हती, कारण कणकेची खळ कसर आणि वाळवी यांना बोलावते, पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या उन्हाळ्यात ती फार लवकर सुकते आणि पावसाळ्यात भिंत ओल धरते. मराठी घरात भिंतीवर मानाने चढणारा कागद म्हणजे श्रावणातली छापील जिवती, आणि तिला कोपरा ओलांडावा लागत नाही.

अलीकडे शहरी दिवाणखान्यांत आलेल्या भिंतीच्या कागदाला तो ओलांडावा लागतो, आणि तेथे मातीच्या भिंतीचा जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. खोलीचा कोपरा क्वचितच सरळ उभा असतो, म्हणून अख्खा पट्टा आतल्या कोपऱ्यातून वळवला तर त्याला सुरकुती पडते किंवा सुकताना तो ताणला जाऊन मागे पोकळी राहते. कोपऱ्यापर्यंतचे अंतर वर, मध्ये आणि खाली मोजून, त्यांतल्या सर्वांत मोठ्या मापाहून एक-दोन सेंटिमीटर अधिक रुंदीचा पट्टा कापतात. तेवढीच पट्टी पलीकडच्या भिंतीवर वळवतात, आणि त्या भिंतीवर ओळंब्याची नवी रेघ आखून पुढचा पट्टा त्या पट्टीवर किंचित चढवतात. कोपऱ्याचा तिरकसपणा या चढावाखाली झाकला जातो. खारपाणपट्ट्यातल्या घरात मात्र लोणा खरवडून आणि ओलीची वाट बंद करूनच हे काम हाती घ्यावे लागते. एरवी क्षार फुलला की चिकटवलेला कागदही चुन्याच्या पोपड्यासारखाच सुटतो.