इंग्लंडमधील प्राथमिक शाळा: फोनिक्स, पाढे आणि आपले घर



भारतातून नव्याने आलेले पालक हमखास विचारतात, "इथे शाळेत नक्की शिकवतात तरी काय?" पाठ्यपुस्तक घरी येत नाही, गृहपाठही जेमतेम. मग आपण आपल्या पद्धतीने शिकवू लागतो, शाळा तिच्या पद्धतीने शिकवते आणि मूल मधल्या मधे अडकते. ते टळावे म्हणून आम्ही ही माहिती एकत्र केली आहे. ती फक्त इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंडचे अभ्यासक्रम वेगळे आहेत.

इयत्ता
चार वर्षे पूर्ण झाली की सप्टेंबरमध्ये रिसेप्शन, नंतर इयर १ ते इयर ६. इयर १ व २ म्हणजे की स्टेज १, तर इयर ३ ते ६ म्हणजे की स्टेज २. राष्ट्रीय अभ्यासक्रमाचे आजचे रूप २०१४ पासूनचे आहे.

वाचन
सुरुवात फोनिक्सने होते. आधी अक्षराचे नाव नाही, उच्चार. 'कॅट' हा शब्द 'सी-ए-टी' असा नव्हे, 'क्-ॲ-ट्' असा जोडून वाचतात. इंग्रजीत अक्षरे २६, पण उच्चार सुमारे ४४. त्यामुळे एस आणि एच मिळून एकच 'श्' होतो. शिक्षक सांगतात, 'मऽ' म्हणू नका, नुसते 'म्' म्हणा. पाय मोडलेले अक्षर आपल्याला ठाऊक असल्याने हे सोपे जाते. व्ही आणि डब्ल्यू या दोन्हींना मात्र आपण 'व' म्हणतो. तिथे शाळेचा उच्चार चालू द्यावा.

इयर १ मध्ये जूनच्या सुमारास फोनिक्सची तपासणी असते (२०१२ पासून). शब्द ४०, त्यांतले २० मुद्दाम बनवलेले, अर्थ नसलेले. मूल 'काहीतरीच' वाचताना दिसले तर दचकू नका!

गणित
४७ + ३८ करताना मुले आधी ४० + ३० = ७०, मग ७ + ८ = १५ आणि शेवटी ८५ असे करतात. संख्येतले दशक-एकक समजावेत हा हेतू. एकाखाली एक मांडून, हातचा घेऊन केलेली बेरीज-वजाबाकी इयर ३ मध्ये येते, दोन अंकी संख्येने मोठा गुणाकार इयर ५ मध्ये आणि मोठा भागाकार इयर ६ मध्ये. वर्गात पोहोचण्याआधी हातचा शिकवायची घाई नको.

मराठीत 'बेचाळीस' म्हणताना दोन आधी ऐकू येतात, इंग्रजीत चाळीस आधी. मुलाने ४२ ऐवजी २४ लिहिले तर रागावण्यापूर्वी हे आठवावे.

पाढे
इयर २ मध्ये २, ५, १०; इयर ३ मध्ये ३, ४, ८; इयर ४ अखेर १२ पर्यंतचे सर्व. २०२२ पासून इयर ४ मध्ये संगणकावर सक्तीची चाचणी असते: २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. आपले पाढे इथे फार उपयोगी, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपला पाढा दाहे ला थांबतो, इथे ११ पट आणि १२ पटही विचारतात. शिवाय प्रश्न क्रमाने येत नाहीत, म्हणून घरीही मधूनच विचारावे.

सॅट्स
इयर ६ मध्ये मे महिन्यात वाचन, व्याकरण-स्पेलिंग आणि गणित यांच्या परीक्षा होतात. गुण ८० ते १२० या पट्टीत, १०० म्हणजे अपेक्षित पातळी. लेखनाचे मूल्यमापन शिक्षकच करतात.

आणि मराठी?
मूल वाचनात मागे वाटले की घरात मराठी बंद करण्याचा विचार येतो. कृपया तसे करू नका. वरच्या वर्गात नुसते वाचता येणे पुरत नाही. पात्र असे का वागले, पुढे काय होईल, हे विचारतात. हा विचार मराठी गोष्ट ऐकतानाही होतो, आणि ती गोष्ट आजीला फोनवर सांगता येते, हा फायदा वेगळाच.

प्रत्येक वर्षाचा अभ्यासक्रम शाळेच्या संकेतस्थळावर असतो. पालकसभेत एक प्रश्न अवश्य विचारा: "ही गणिते तुम्ही कशी शिकवता?" बऱ्याच शाळा करून दाखवतात.